व्हॉल्व्ह ‘चांगला’ आहे, म्हणजे नक्की काय आहे?

मागच्या महिन्यात एका कॉलेजात एम.ए.च्या मुलांशी बोलायला गेले होते. ‘तुम्ही वस्तूंवर पीएचडी करता म्हणजे नेमकं काय करता?’ असं एकीनं विचारलं. मी पिशवीतून बोटाएवढी काचेची नळी काढून तिच्या हातात ठेवली आणि म्हटलं, ही कुठली, किती सालची, ते सांग. तिनं ती उजेडात धरली, छापलेली अक्षरं वाचली आणि म्हणाली, ‘मुलार्ड कंपनीची. इंग्लंड. जुनी आहे.’

उत्तर वाईट नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मीही साधारण एवढंच वाचून थांबले होते, आणि त्यापायी माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण मोडीत निघालं. ते कसं निघालं, हे आज सांगते. कारण तुमच्यातले बरेच जण लवकरच एखादी जुनी वस्तू हातात घेऊन ‘हा माझा पुरावा’ म्हणणार आहेत.

ज्यांनी व्हॉल्व्ह पाहिलाच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आजोबांचा रेडिओ लावल्यावर लगेच बोलत नसे, आधी तापत असे. ते तापणं याचं. हवा काढून घेतलेल्या काचेत एक कॅथोड, तो तापवायला हीटर, समोर प्लेट आणि मधे बारीक तारेची ग्रिड. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात, प्लेटकडे जातात, आणि ग्रिडवरचा छोटासा दाब त्या प्रवाहाला कमीजास्त करतो. ग्रिड नसलेली नळी फ्लेमिंगची, १९०४ची. ग्रिड घातली ली डी फॉरेस्टनं, १९०६च्या सुमारास. घरात मोठा आवाज होतो तो या ग्रिडच्या जोरावर.

माझ्या पिशवीतल्या नळीचं नाव ईसीसी८३. हे नाव म्हणजे खरं तर एक अख्खं वाक्य आहे. ‘ई’ म्हणजे हीटर ६.३ व्होल्टवर चालतो. ‘सी’ म्हणजे ट्रायोड, आणि तो दोनदा आलाय म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड. ‘८’ म्हणजे नऊ पिनांची छोटी बैठक. शेवटचा ‘३’ अनुक्रमाचा. अमेरिकेत हीच नळी १२एएक्स७ या नावानं ओळखतात. फिलिप्स आणि तिच्या गोतावळ्यातल्या कंपन्यांनी (मुलार्ड त्यातलीच, १९२७पासून फिलिप्सच्या मालकीची) ही नावं ठेवण्याची पद्धत रुळवली. या नावात एक वचन आहे. नळी कुठल्याही कारखान्यात होवो, प्लेटवर २५० व्होल्ट आणि ग्रिडवर उणे २ व्होल्ट दिले की १.२ मिलिअँपिअर प्रवाह वाहील, आणि ग्रिड एक व्होल्टनं हलली की प्लेटचा प्रवाह १.६ मिलिअँपिअर या दरानं बदलेल. या दुसऱ्या आकड्याला म्युच्युअल कंडक्टन्स म्हणतात. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माझी फजिती.

पुण्यात पेठेतल्या एका घरात मला घरी बनवलेला अँप्लिफायर बघायला मिळाला. बनवणारे काका हयात नाहीत, त्यांच्या मुलानं तो माळ्यावरून काढून दाखवला. ॲल्युमिनिअमचा पत्रा वाकवून केलेली चासी, वर पाच व्हॉल्व्ह: एक ईएफ८६, एक ईसीसी८३, दोन ईएल८४ आणि एक ईझेड८१. मी उडालेच. हा ‘मुलार्ड ५-१०’चा आराखडा. मुलार्डनं तो १९५४मध्ये प्रसिद्ध केला. पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट, म्हणून ५-१०. आपले व्हॉल्व्ह खपावेत म्हणून कंपनीनं हौशी लोकांना आयतं सर्किट दिलं होतं, आणि ते सर्किट पुण्याच्या पेठेत उतरलं होतं!

मग मी तारीख शोधायला लागले. मुलार्डच्या व्हॉल्व्हवर छापील नावाशिवाय खाली काचेवर कोरल्यासारखा बारीक दोन ओळींचा कोड असतो. पहिल्या ओळीत नळीचा प्रकार आणि तिच्या रचनेची आवृत्ती. दुसरीत कारखाना आणि तारीख. माझ्या ईसीसी८३वर दुसरी ओळ होती ‘बी४सी२’. बी म्हणजे लँकशरमधला ब्लॅकबर्नचा कारखाना, जो १९३८मध्ये सुरू झाला. ४ म्हणजे साल, सी म्हणजे तिसरा महिना, २ म्हणजे दुसरा आठवडा. मी वहीत लिहिलं: मार्च १९६४. आणि मग त्या एका ओळीवर चौदा पानं उभी केली. आयातीवर कडक बंधनं असताना, १९६४च्या पुण्यात, एक मध्यमवर्गीय माणूस ब्रिटिश व्हॉल्व्ह मिळवून हाय-फाय अँप्लिफायर बांधतो, म्हणजे घरी संगीत ऐकण्याची हौस आपण समजतो त्याहून किती आधीची, वगैरे वगैरे. लिहिताना फार छान वाटत होतं.

मॅडमनी, म्हणजे माझ्या गाईडनी, ती पानं वाचली आणि दोनच प्रश्न विचारले. पहिला: कोडमध्ये सालाचा एकच आकडा आहे ना? मग १९७४ का नाही? दुसरा प्रश्न जास्त लागला. ‘व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये बसवतात की सोल्डर करतात?’

सॉकेटमध्येच बसवतात. झिजणारा भाग म्हणूनच तो काढता-घालता येईल असा केलेला. बल्ब उडाला की आपण बल्ब बदलतो, तसा रेडिओवाला व्हॉल्व्ह बदलायचा. अँप्लिफायरमधली सगळ्यात सहज बदलणारी वस्तू मी अँप्लिफायरच्या जन्माचा दाखला म्हणून धरली होती. एखाद्याच्या अंगातल्या शर्टाच्या लेबलवरून त्याची जन्मतारीख काढावी, तसलाच प्रकार.

पुन्हा त्या घरी गेले. या वेळी चासी उलटी करून, न बदलणाऱ्या गोष्टी पाहिल्या. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं झाकण काढल्यावर आतल्या कागदावर गुंडाळणाऱ्या कारागिरानं पेन्सिलीनं तारीख टाकलेली सापडली: १९७१. म्हणजे अँप्लिफायर त्याआधी पुरा झालेला असणं कठीण. आणि व्हॉल्व्ह? तो १९६४चा असेल तर बांधताना आधीच सात वर्षं खोक्यात पडून होता. १९७४चा असेल तर पहिला गेल्यावर घातलेला. दोन्ही शक्य आहे. काकांच्या मुलाला आठवतं ते एवढंच, की ‘बाबा अधूनमधून व्हॉल्व्ह बदलायचे’. पहिल्या ओळीतल्या आवृत्तीच्या खुणेनं आणि आतल्या प्लेटच्या आकारानं काही वेळा दशक ठरवता येतं. माझ्या नळीवर ती पहिली ओळ घासली गेली आहे.

चौदा पानं गेली. ती गेली याचं आता वाईट वाटत नाही. त्यातून निघालेला प्रश्न मात्र अजून पाठ सोडत नाही: मी आधी व्हॉल्व्हकडेच का पाहिलं? ट्रान्सफॉर्मरकडे का नाही?

याचं उत्तर माझ्यात कमी आणि आजच्या बाजारात जास्त आहे. आज कुणीही जुना व्हॉल्व्ह हातात घेतला की आधी कारखाना आणि साल बघतो. ब्लॅकबर्नचा १९६०च्या दशकातला असेल तर किंमत एक, तोच प्रकार दुसरीकडचा असेल तर किंमत दुसरी. टेलिफुंकेनच्या नळीखाली, पिनांच्या मधोमध, काचेतच उमटवलेला चौकटचा शिक्का असतो. तो शोधायला लोक भिंग घेऊन बसतात. हौशी लोकांचं हे बघणं मी नकळत उचललं होतं. पण व्हॉल्व्ह रोजच्या वापरात होते तेव्हा लोक असे निवडत होते का?

त्या काळची कागदपत्रं काढून बघा. घरगुती हाय-फायच्या इतिहासात ज्याचं नाव हमखास येतं तो डी. टी. एन. विल्यमसनचा लेख ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये एप्रिल-मे १९४७ला आला. त्यानं आउटपुटला केटी६६ हा प्रकार सांगितला. ट्रान्सफॉर्मर कसा गुंडाळायचा याबद्दल तो फार काटेकोर आहे, कारण त्याच्या सर्किटची सगळी मदार त्यावर. पुढे १९५३मध्ये क्वाड २ आला, त्यातही केटी६६च. या जगात व्हॉल्व्ह निवडायचा म्हणजे आधी *प्रकार* निवडायचा. हाताशी असलेल्या दाबावर, हव्या त्या वॅटसाठी, ट्रान्सफॉर्मरला जुळणारा. कंपन्या आपापलं नाव जाहिरातीत मिरवत होत्या, पण स्वतःच एकमेकींच्या नळ्या विकत घेऊन त्यावर आपला शिक्का छापत होत्या. मुलार्डचं नाव असलेल्या नळीवर खाली कोडमध्ये त्रिकोण दिसला, तर ती नळी नेदरलँड्समधल्या हेर्लेनची. यात लबाडी नव्हती. नावाचं वचन सगळ्यांसाठी सारखंच होतं.

आपल्याकडेही तेच. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची स्थापना १९५४ची, आणि रेडिओचे व्हॉल्व्ह तिथे १९६१पासून बनू लागले. दुरुस्तीवाल्याच्या दृष्टीनं बीईएलचा ईएल८४ हा ईएल८४च. ठाण्यात बनलेल्या मर्फीच्या सेटमध्ये तो घातला की सेट बोलू लागे, गिऱ्हाईक पैसे देऊन घरी जाई.

मग ‘चांगला’ म्हणजे काय? इथे तपासणीचा इतिहास येतो. माझ्या मते हा भाग संशोधकांनी सगळ्यात जास्त दुर्लक्षिलेला आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

सगळ्यात जुनी आणि स्वस्त तपासणी म्हणजे खात्रीचा दुसरा व्हॉल्व्ह घालून बघणं. रेडिओवाल्याच्या खणात त्यासाठी चारदोन नळ्या कायम असत. त्यानंतर यंत्रं. स्वस्तातलं यंत्र फक्त उत्सर्जन मोजायचं: सगळ्या ग्रिड प्लेटला जोडून नळीचा साधा डायोड करायचा आणि कॅथोडमधून पुरेसे इलेक्ट्रॉन निघतात का ते पाहायचं. गंमत बघा, ज्या ग्रिडसाठी नळी अस्तित्वात आहे तीच या परीक्षेत बाद. असं म्हणा, की गायकाचा दम तपासला, सूर तपासलाच नाही. अमेरिकेत १९५०-६०च्या दशकांत औषधांच्या दुकानांतही अशी यंत्रं उभी असत. घरच्या टीव्हीतले व्हॉल्व्ह उपटून पिशवीत घालून न्यायचे, स्वतःच लावून बघायचे. काटा हिरव्यात गेला तर ‘गुड’, तांबड्यात गेला तर ‘रिप्लेस’, मधे प्रश्नचिन्ह. आणि त्याच यंत्राच्या खालच्या कपाटात नवे व्हॉल्व्ह विक्रीला! तांबड्याची सुरुवात कुठून करायची हे कोण ठरवत होतं, हा प्रश्न एखाद्यानं प्रबंधाला घ्यावा इतका चांगला आहे.

महागडी यंत्रं म्युच्युअल कंडक्टन्स मोजत. अमेरिकेत हिकॉकची यंत्रं ग्रिडवर छोटा एसी संकेत देऊन प्लेटच्या प्रवाहातला बदल वाचत. ब्रिटनमध्ये ॲव्होचं व्हॉल्व्ह कॅरॅक्टरिस्टिक मीटर होतं. त्यावर हीटर, ग्रिड, स्क्रीन, प्लेट सगळ्यांचे दाब वेगवेगळे लावता येतात, सोबत प्रत्येक नळीसाठी जोडण्यांची जाडजूड पुस्तिका. पण ॲव्होसुद्धा प्लेटला सरळ गुळगुळीत डीसी देत नाही. एसी दाबावर काम भागवतं आणि आकडे त्या हिशेबानं जुळवलेले असतात. तेव्हा एकच नळी तीन यंत्रांवर लावली तर तीन उत्तरं येतील, आणि तिन्ही आपापल्या जागी खरी.

जुन्या दुकानाच्या वहीत तुम्हाला ‘ईएल८४ – ८५’ अशी नोंद सापडली, तर पहिला प्रश्न हाच: ८५ कशाचे? टक्के असतील तर कशाचे टक्के? उत्सर्जनाचे की कंडक्टन्सचे? किती दाबावर? ईएल८४च्या माहितीपत्रकात २५० व्होल्ट, उणे ७.३ व्होल्ट, ४८ मिलिअँपिअर आणि ११.३ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट असे आकडे आहेत. गुणाकार करून बघा: २५० गुणिले ०.०४८, म्हणजे बरोबर १२ वॅट, आणि १२ वॅट हीच त्या प्लेटची कमाल मर्यादा. म्हणजे माहितीपत्रकातला ‘नमुना’ बिंदू नळीच्या सोसण्याच्या काठावरचा आहे. यंत्र त्याहून कमी दाबावर तपासत असेल तर वहीतला आकडा माहितीपत्रकाशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

आणि काही गोष्टी कुठलंच यंत्र सांगत नाही. ईसीसी८३ पेन्सिलीनं हलकेच टकटकली आणि स्पीकरमधून घंटेसारखा आवाज आला तर ती मायक्रोफोनिक आहे. आतले भाग सैल झालेत. ती कंडक्टन्सच्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होईल. रेडिओच्या आउटपुटला हा दोष असला तरी कुणाला कळणार नाही, पण ग्रामोफोनच्या पिकअपपाठोपाठच्या पहिल्याच पायरीवर ती असह्य होईल. म्हणजे ‘चांगला’ हा गुण एकट्या नळीत नसतो, तिला कुठे बसवायचं यावरही ठरतो.

(तुमच्यातलं कुणी घरच्या अँप्लिफायरसाठी खरोखर जुने व्हॉल्व्ह घेत असेल तर जाता जाता. डोक्यावरचा आरशासारखा चंदेरी थर म्हणजे गेटर, तो पांढरा दुधाळ झाला असेल तर हवा शिरली, सोडून द्या. हीटर तुटला नाही ना आणि आत शॉर्ट नाही ना, हे सॉकेटमध्ये घालण्याआधी बघा. ईएल८४ जोडीनं घ्या, दोघींचा प्लेट प्रवाह जवळपास सारखा हवा; पुश-पुलमध्ये दोन्ही प्रवाह ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना खोडतात, उरलेला फरक गाभ्याला चुंबकित करतो आणि खर्जाचे सूर बिघडतात. ईसीसी८१, ८२, ८३च्या पिना सारख्याच, पण वर्धन अनुक्रमे सुमारे ६०, १७ आणि १००. बसतंय म्हणून घालू नका. आणि प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट शिल्लक असू शकतात. मी एकदा चटका खाल्लाय.)

ट्रान्झिस्टर आले, हाय-फाय त्यांच्याकडे गेलं, व्हॉल्व्हचे कारखाने एकामागून एक बंद झाले. मग उरलेल्या साठ्यांना भाव आला. न वापरलेल्या जुन्या मालात लष्करी गोदामातल्या नळ्याही होत्या. ब्रिटिश लष्कराचा सीव्ही४००४ म्हणजे ईसीसी८३चाच कडक परीक्षेतून गेलेला भाऊ. प्रकाराचं वचन कागदावर तेच राहिलं, पण ते पाळणारे कारखाने उरले नाहीत, आणि लोक वचनाऐवजी घराणं विचारू लागले. मुलार्डचं नाव तर नवीन मालकाकडे गेलं. आज त्या नावानं विकले जाणारे नवे व्हॉल्व्ह रशियातल्या सारातोव्हला बनतात. तेव्हा १९६५च्या जाहिरातीतला ‘मुलार्ड’ आणि २०१५च्या यादीतला ‘मुलार्ड’ एकाच रकान्यात मांडलात तर तुमचा तक्ता दिसेल नीटनेटका, पण चुकीचा.

आणखी एक गोष्ट मला जुन्या बाजारात कळली. एका विक्रेत्याकडे व्हॉल्व्हची भरलेली पेटी होती. मी बसून एकेक नळी वहीत उतरवू लागले: बहुतेक रेडिओतल्या, हीटर एकापाठोपाठ जोडायच्या ‘यू’ मालिकेतल्या, आणि रेक्टिफायर. ईसीसी८३ एकही नाही. मी मनात निष्कर्ष काढू लागले होते, की इथे हाय-फायची हौस फारशी नव्हतीच. तेवढ्यात विक्रेता म्हणाला, ‘ताई, चांगला माल कधीच गेला. मुंबईचा माणूस येऊन निवडून घेऊन जातो.’ पेटीत काय उरलं होतं, तर आजच्या बाजाराला नको ते. भूतकाळाचा नमुना म्हणून मी मोजत होते तो खरं तर कुणीतरी आधीच चाळून टाकलेला चोथा होता. आणि संग्राहकांच्या काचेच्या कपाटात याच्या उलट: ब्लॅकबर्न, उल्म, हेर्लेन, सगळे मानकरी. बीईएलचा साधा ईएल८४, जो इथल्या असंख्य घरांत गात होता, तो दोन्हीकडे फारसा दिसत नाही. स्वस्त, म्हणून कुणी जपला नाही. वापरात होता, म्हणून झिजून गेला.

प्रकरण मी पुन्हा लिहिलं. आता ते १९६४च्या पुण्याबद्दल नाही, दुरुस्तीबद्दल आहे: एकदा बांधलेली वस्तू तीस-चाळीस वर्षं चालू ठेवायला कोण काय बदलत होतं, सुटे भाग कुठून येत होते, ‘गेला’ आणि ‘अजून चालेल’ यातली रेघ कोण ओढत होतं. त्यासाठी व्हॉल्व्ह हा फार चांगला साक्षीदार आहे, कारण तो बदलला जातो.

ओळखीतून एक ॲव्हो मिळालं तेव्हा ती ईसीसी८३ त्यावर लावून पाहिली. एक ट्रायोड १.५वर आला, दुसरा १.१वर. दोन भावांत एक दमलेला. अँप्लिफायरमध्ये मात्र ती आजही विनातक्रार चालते. माझ्या नोंदीच्या कार्डावर सध्या एवढं लिहिलंय:

‘ईसीसी८३. छापील नाव मुलार्ड. कोड बी४सी२, पहिली ओळ अवाच्य. ब्लॅकबर्न, मार्च १९६४ किंवा मार्च १९७४. म्युच्युअल कंडक्टन्स १.५ / १.१, ॲव्हो मीटरवर, २५० व्होल्ट. टकटकल्यावर आवाज नाही. सॉकेटमध्ये मिळाली, अँप्लिफायरच्या काळाचा पुरावा म्हणून धरू नये.’